विश्वाच्या विस्तारापलीकडे काय आहे?

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण करणें हें जसें आपलें कर्तव्य, तसेंच पुढील पिढीच्या शंकांस उत्तर देणें हेंहि कर्तव्यच होय. शाळा-कॉलेजांत शिकणारीं आपलीं मुलें ऐकतात कीं, विश्व क्षणोक्षणीं विस्तार पावत आहे. मग तीं घरीं येऊन विचारतात : तें कशांत विस्तारतें? त्याच्या बाहेर काय आहे? आणि बाहेर कांहींच नसेल, तर ज्या स्वर्गीय पित्याची आपण नित्य प्रार्थना करितों तो कोठें आहे? ह्या प्रश्नास 'गप्प बैस' हें उत्तर नव्हे. ख्रिस्तसभेंत त्याचा विचार पंधराशें वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे, आणि त्या इतिहासांतील एक थोर पुरुष तर धर्मगुरूच होता.

प्रश्न मूळ ग्रीकांचा. आर्किटास नांवाच्या तत्त्वज्ञानें विचारलें कीं, जगाच्या कडेस उभें राहून मीं हात पुढें केला, तर तो बाहेर जाईल कीं नाहीं? ॲरिस्टॉटलाचें मत असें कीं, जगाबाहेर जागा नाहीं, पोकळी नाहीं व काळहि नाहीं. संत ऑगस्टीन (३५४–४३०) ह्यांनीं 'देवाचें नगर' ह्या ग्रंथाच्या अकराव्या भागांत ह्या विषयास हात घातला. जगाच्या पूर्वीं अनंत काळ रिकामा गेला असें मानणें, व जगाबाहेर अनंत जागा रिकामी पडली आहे असें मानणें, ह्या दोन्ही कल्पना त्यांस सारख्याच पोकळ वाटल्या. काळ हा जगाबरोबरच निर्माण झाला, असें त्यांनीं शिकविलें.

पुढें १२७७ सालीं पॅरिसचे बिशप एतियेन तांपिए ह्यांनीं २१९ मतांचा निषेध केला. आदिकारणास अनेक जगें निर्माण करतां येत नाहींत, हें त्यांपैकीं एक मत होतें. अनेक जगें आहेतच असें बिशपांनीं म्हटलें नाहीं. देवाच्या सामर्थ्यास मनुष्याच्या तर्कानें कुंपण घालूं नये, एवढेंच त्यांचें म्हणणें. त्याच शतकांत संत थॉमस अक्वायनस ह्यांनीं शिकविलें कीं, जगास आरंभ आहे हें आपण श्रद्धेनें मानतों. तें केवळ तर्कानें सिद्ध करतां येत नाहीं. हें वचन वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; पुढें त्याचें काम आहे.

आतां त्या धर्मगुरूविषयीं. फादर जॉर्ज लमेत्र ह्यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजीं बेल्जममधील शार्लरवा येथें झाला. पहिल्या महायुद्धांत त्यांनीं तोफखान्यांत चाकरी केली. १९२३ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर केंब्रिज येथें एडिंग्टन ह्यांच्यापाशीं व मग अमेरिकेंत अध्ययन करून ते लूव्हेन विद्यापीठांत अध्यापक झाले. दूरच्या दीर्घिका आपणांपासून दूर जात आहेत, हें दुर्बिणींतून दिसत होतें. १९२७ सालीं फादर लमेत्र ह्यांनीं आइन्स्टाइनच्या समीकरणांच्या आधारें त्याचें कारण सांगितलें : विश्वच विस्तारत आहे. रशियाच्या फ्रीडमन ह्यांनीं अशीं गणितें १९२२ सालींच मांडलीं होतीं. पण वेधांशीं त्यांची सांगड फादर लमेत्र ह्यांनीं घातली. आइन्स्टाइननीं प्रथम गणित मान्य केलें, पण विस्ताराची कल्पना मान्य केली नाहीं. १९२९ सालीं हबल ह्यांचे वेध प्रसिद्ध झाले, आणि हळूहळू विद्वानांचें मत पालटलें. २०१८ सालीं जगांतील खगोलशास्त्रज्ञांनीं मत देऊन ह्या नियमास 'हबल–लमेत्र नियम' म्हणावें अशी शिफारस केली.

ह्या सिद्धांताप्रमाणें विश्व हें रिकाम्या खोलींत फुगणारें गाठोडें नव्हे. अवकाशच ताणला जातो. त्यामुळें दीर्घिकांमधील अंतरें वाढतात. फुगा फुगवितांना त्याच्या पृष्ठावरील ठिपके एकमेकांपासून दूर जातात, पण त्या पृष्ठास कडा कोठेंच नसते. मात्र फुग्यास बाहेरची हवा असते, तशी विश्वास बाहेरची जागा असावी लागत नाहीं. दृष्टांत येथें संपतो. आपणांस दिसणाऱ्या विश्वास मर्यादा आहे खरी. विस्तारास आरंभ होऊन सुमारें १३८० कोटि वर्षें झालीं. तेवढ्या काळांत जेथून प्रकाश आपणांपर्यंत पोहोंचला तीं स्थळें आज सुमारें ४६०० कोटि प्रकाशवर्षें दूर गेलीं आहेत. पण ही मर्यादा नाखव्याच्या क्षितिजासारखी आहे. मचवा पुढें गेला कीं क्षितिजहि पुढें सरतें. समुद्र तेथें संपत नाहीं.

१९३१ सालीं फादर लमेत्र ह्यांनीं सुचविलें कीं, मागें मागें जातां सर्व विश्व एका आदिम अणूंत सामावलेलें आढळेल. त्या लेखाच्या मसुद्यांत परमेश्वराच्या गूढत्वाविषयीं एक परिच्छेद होता. तो त्यांनीं छापण्यापूर्वीं स्वतःच्या हातानें खोडला. २२ नोव्हेंबर १९५१ रोजीं पोपमहाराज बारावे पायस ह्यांनीं आपल्या भाषणांत नव्या शास्त्रास जणूं सृष्टीच्या उत्पत्तीचा साक्षी म्हटलें, तेव्हां टाळ्या वाजविण्याऐवजीं फादर लमेत्र चिंतेंत पडले. शास्त्रीय सिद्धांतावर श्रद्धेचा पाया घालूं नये, अशी त्यांची धारणा होती. पुढील वर्षीं रोम येथें खगोलशास्त्रज्ञांपुढें बोलतांना पोपमहाराजांनीं त्या विधानाची पुनरुक्ति केली नाहीं.

त्यांची चिंता व्यर्थ नव्हती. १९४८ सालीं हॉइल, बाँडी व गोल्ड ह्यांनीं आरंभ नसलेल्या विश्वाचा सिद्धांत मांडला. हॉइल ह्यांचे शिष्य, कोल्हापुरांत जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५), ह्यांनींहि आरंभाविना विश्वाचा पक्ष मोठ्या विद्वत्तेनें चालविला. १९६५ सालीं आकाशाच्या सर्व दिशांनीं येणाऱ्या मंद किरणांचा शोध प्रसिद्ध झाला व फादर लमेत्र ह्यांच्या बाजूस बळ आलें. २० जून १९६६ रोजीं देवाघरीं जाण्यापूर्वीं त्यांस ही वार्ता कळली. पण समजा, निकाल उलट लागला असता तर? ज्यानें आपली श्रद्धा त्या सिद्धांताच्या खुंटीस टांगली होती, त्याची श्रद्धा खुंटीबरोबर खालीं आली असती. संत थॉमस ह्यांचें वचन धरून चालणाऱ्याची आली नसती.

आज कांहीं विद्वान् आपल्या विश्वापलीकडे दुसरीं विश्वें असावींत असें अनुमान करितात. त्यांचा प्रत्यक्ष पुरावा अद्याप मिळालेला नाहीं. मिळाला, तरी आपण कां घाबरावें? तीं विश्वेंहि निर्माण झालेलींच ठरतील, आणि १२७७ सालीं जें दार बंद करूं दिलें नाहीं, तें आज आपण कां लावून घ्यावें?

म्हणून आपल्या मुलांस आम्ही हें सांगूं कीं, परमेश्वर विश्वाच्या कडेपलीकडे बसलेला नाहीं कीं कडा सरकली म्हणजे त्यानें मागें हटावें. सर्वांत दूरच्या दीर्घिकेस तो जसा अस्तित्व देतो, तसाच आपल्या वेदीवरील मेणबत्तीच्या ज्योतीसहि देतो; आणि त्याचा हात क्षणभर निघाला, तर आंत व बाहेर दोन्ही उरणार नाहींत. शास्त्र विश्वाचें मोजमाप करो. तें काम पवित्र आहे, आणि एका धर्मगुरूनें तें प्रामाणिकपणें केलें. मोजणारी बुद्धि ज्यानें दिली, त्याचें नांव युगानुयुग धन्य असो.