एकचा तीन, दोनचा सहा

शहाद्यात आमचं आणि काकांचं घर एकमेकांना लागून आहे. मधे एक भिंत, वर दोन गच्च्या. २००९च्या मे महिन्यात त्या गच्च्यांवरून एक निळी वायर गेली. एका टोकाला आमचा कम्प्युटर, दुसऱ्या टोकाला दादाचा. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, तेव्हा नुकताच बारावी झालेला. मी सातवीत जाणार होतो. इंटरनेट दोन्ही घरांत नव्हतं. 'एज ऑफ एम्पायर्स २' मात्र दोन्ही घरांत होतं, आणि एकट्याने खेळून आम्ही दोघंही कंटाळलो होतो.

दुकानातून आणलेली तयार वायर जोडली तर पोर्टचा लाइटच लागेना. त्याचं कारण मला इंजिनिअरिंगला गेल्यावर नीट कळलं. तेव्हाच्या नेटवर्क कार्डात कम्प्युटर एक आणि दोन नंबरच्या पिनांवरून बोलायचा, तीन आणि सहावरून ऐकायचा. स्विचचं बरोबर उलटं असतं, म्हणून कम्प्युटर ते स्विच सरळ वायर चालते. पण दोन कम्प्युटर थेट जोडले की दोघंही एकाच जोडीवर बोलतात आणि दुसऱ्या जोडीवर नुसते कान लावून बसतात. उपाय साधा होता: एका टोकाला एकचा तीन करायचा, दोनचा सहा. केशरी जोडी हिरवीच्या जागी. दादाने एमएस-सीआयटीच्या क्लासमधून क्रिम्पिंग टूल मागून आणलं. पहिले दोन कनेक्टर वाया गेले. आजी तेव्हा काकांकडे राहायची, ती जिन्यातून ओरडली, "काय करी राह्यना रे?" तिसऱ्या कनेक्टरला लाइट लागला.

मग पत्ते. आमच्याकडे १९२.१६८.०.१, दादाकडे १९२.१६८.०.२. हे पत्ते १९९४ साली खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. घरातल्या घरात कुणीही लावावेत, कुणाला विचारायची गरज नाही.

गेममध्ये मल्टिप्लेअर उघडलं की जोडणीचे प्रकार विचारायचा: टीसीपी/आयपी, आयपीएक्स, मोडेम, सीरियल. आम्ही पहिल्यावर क्लिक करून पुढे जायचो. आज ती यादी मला विहीर खणताना दिसणाऱ्या थरांसारखी वाटते. सर्वांत खालचा थर सीरियलचा, म्हणजे कम्प्युटरच्या पाठीमागचं नऊ पिनांचं पोर्ट. त्याचं मानक, आरएस-२३२, १९६० सालचं. ते होतं मोडेम जोडण्यासाठी. पण मोडेम काढून टाकला, दोन आणि तीन नंबरच्या तारांची अदलाबदल केली आणि पाच नंबरला ग्राउंड दिला, की तीन तारांत दोन मशीन थेट बोलू लागतात. या वायरला 'नल मोडेम' म्हणतात, म्हणजे नसलेला मोडेम! नाव देणाऱ्याला विनोदबुद्धी असणार.

हा उद्योग घरोघरी कम्प्युटर येण्याआधीचा. १९७३-७४च्या सुमारास कॅलिफोर्नियात, नासाच्या एम्स केंद्रात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी दोन इमलॅक मशीन सीरियल वायरने जोडली आणि 'मेझ' नावाच्या भूलभुलैयात एकमेकांवर गोळ्या झाडल्या. १९८७च्या 'मिडी मेझ'ने तर कमाल केली. अटारी एसटीला वाद्यं जोडण्यासाठी मिडी पोर्ट होतं, त्यातूनच सोळा मशीनपर्यंत साखळी करता यायची. १० डिसेंबर १९९३ला 'डूम' आला, त्यात सीरियल वायरवर दोघं आणि आयपीएक्स नेटवर्कवर चौघं खेळायचे.

'एज ऑफ एम्पायर्स'च्या कर्त्यांनी २८.८ मोडेमवर आठ जण खेळतील असं धरून आखणी केली होती. इतक्या बारीक नळीतून शेकडो सैनिकांच्या जागा पाठवणं अशक्य. म्हणून वायरवरून फक्त हुकूम जातो: याला तिकडे पाठव. पुढचं सगळं गणित दोन्ही मशीन आपापलं करतात, आणि दोन्हीकडे उत्तर तंतोतंत तेच यावं लागतं. कुठे फरक पडला की 'आउट ऑफ सिंक', खेळ तिथेच संपला.

२०१०च्या उन्हाळ्यात शेताच्या वाटणीवरून पप्पा आणि काकांचं बोलणं बंद झालं. आम्हालाही एकमेकांच्या घरी जायची बंदी. त्या २९ सप्टेंबरला आमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत पंतप्रधान आले, देशातलं पहिलं आधार तिथे दिलं गेलं. पप्पा आणि काका दोघंही बघायला गेले, वेगवेगळ्या मोटरसायकलींवर.

वायरीकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. संध्याकाळी लाइट आली की आम्ही आपापल्या घरात बसून खेळायचो. गेममध्ये चॅटची एक ओळ असते. एकदा आई मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "विचार ना, आजीचं बीपी कसं आहे." मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं. तिकडून उत्तर आलं: गोळी बदलली, आता बरी आहे. मग आई रोज येऊ लागली. नंतर पप्पाही. ते स्क्रीनकडे बघायचे नाहीत, पेपर वाचायचे, पण माझं टाइपिंग थांबलं की विचारायचे, "काय म्हणतो?"

पबजी खेळलेल्यांना ३० ऑक्टोबर २०२० आठवत असेल. मधला सर्व्हर बंद झाला आणि दोघांचे फोन ठणठणीत असून खेळ संपला. शेजारच्या बाकावरच्या मित्राला मारलेली गोळीसुद्धा त्या सर्व्हरवरूनच जायची. वर्गात हॉटस्पॉटवर 'मिनी मिलिशिया' खेळणारे आमच्या जातकुळीचे.

मागच्या वर्षी मी पुण्यातून, दादा शहाद्यातून, तोच जुना गेम फोनच्या नेटवर थेट जोडायचा प्रयत्न केला. मी कामात रोज नेटवर्क बघतो, तरी जमलं नाही. दोघांचेही पत्ते १००.६४च्या पुढचे निघाले. २०१२मध्ये हा पट्टा कंपन्यांसाठी राखला गेला, कारण जगातले आयपीव्ही४ पत्ते संपत आले होते. अशा वेळी हजारो ग्राहक एका सार्वजनिक पत्त्यामागे उभे असतात. बाहेर जाता येतं, बाहेरून कुणी थेट हाक मारू शकत नाही. शेवटी मधे एक भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागला.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा गच्चीवर वायर तशीच दिसली. पप्पा आणि काका आता बोलतात, बेताने. एका टोकाची क्लिप तुटली आहे. माझ्या लॅपटॉपला तसं पोर्टच नाही. काकू तिच्यावर ओले रुमाल वाळत घालतात.