पडलेल्या बाभळीचे काय होते?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. औंढा नागनाथाचे मंदिर, संत नामदेवांचे नरसी आणि वसमतकडची हळद ही त्याची राज्याला असलेली ओळख. जंगलासाठी हा जिल्हा प्रसिद्ध नाही. जे रान आहे ते शुष्क पानझडी, मुख्यतः औंढा, कळमनुरी, सेनगाव या भागांतील टेकड्यांवर आणि माळांवर पसरलेले. साग, धावडा, खैर, मोह, हिवर, पळस अशी झाडे त्यात आढळतात. खाली काळ्या जमिनीत बांधांवर, ओढ्यांच्या आणि कयाधूसारख्या नद्यांच्या काठांवर बाभूळ उभी असते. वळवाच्या वाऱ्याने, पुराने किंवा केवळ वयाने यांतली काही झाडे दर वर्षी आडवी होतात. शहरातील माणसाला हे पडलेले खोड सरपण वाटते. गावच्या सुताराच्या डोळ्यांना त्यात कुऱ्हाडीचा दांडा, तिफणीचे खोड किंवा गाडीचा आरा दिसतो.

प्रथम 'कठीण लाकूड' या शब्दाविषयी. काष्ठशास्त्रात रुंद पानांच्या सर्वच वृक्षांचे लाकूड या वर्गात टाकले जाते, म्हणजे नखाने ओरखडा उठणारी काटेसावरही शास्त्राच्या हिशेबाने 'कठीण'च ठरते. सुताराचा हिशेब निराळा आहे. त्याच्या लेखी लाकूड कठीण असणे पुरेसे नाही, ते चिवट हवे. साग टिकाऊ आणि देखणा, परंतु घाव झेलण्याचे काम त्याचे नव्हे. घाव झेलतात ते बाभूळ, धावडा आणि तिवस. धावडा शहरी घरांत डिंकाच्या लाडवांमुळे ठाऊक असतो. मात्र त्याचे इंग्रजी नाव गाडीच्या आखावरून पडले आहे, कारण आख करण्यासाठी याहून भरवशाचे लाकूड फार थोडे. चिंचेचे लाकूड गाठाळ, आडव्यातिडव्या रेषांचे, फोडू म्हटले तरी सहसा न फुटणारे. म्हणूनच ते तेलघाण्याला आणि खाटकाच्या ठोकळ्याला चालते.

पडलेल्या झाडाचा उपयोग होईल की नाही, हे ते किती दिवस पडून आहे यापेक्षा कसे पडून आहे यावर ठरते. जमिनीला टेकलेल्या बाजूने वाळवी चढते, पावसाचे पाणी मुरते आणि बुरशी धरते. तेच खोड दगडावर किंवा स्वतःच्या फांद्यांवर उचललेले राहिले, तर वरची साल गळून गेली तरी आतला गाभा शाबूत राहू शकतो. सालीलगतचा फिकट भाग हा झाडाचा रसवाहक थर असतो. त्यात पिष्ट साठलेले असल्याने भुंगेरे प्रथम तिथे शिरतात आणि पिठासारखा भुसा पाडतात. बाभळीचा लालसर तपकिरी गाभा त्या मानाने सुरक्षित असतो. जाणकार कारागीर कुऱ्हाडीच्या तुंब्याने खोड ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर लाकूड जिवंत, बद्द आवाज आला तर आत पोकळ किंवा कुजलेले. मग फिकट थर तासून टाकायचा आणि काम गाभ्याचे करायचे, हा साधा नियम आहे. झाड ताजे पडले असेल तर खोड काही महिने डोहात वा विहिरीत बुडवून ठेवण्याची रीत होती. पाण्यात पिष्ट निघून जाते आणि किडीला खाण्यासारखे फारसे उरत नाही.

दांडा ही दिसायला अगदी क्षुल्लक वस्तू. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' या म्हणीमुळे त्याची अपकीर्तीच अधिक झाली. तथापि लाकडाची खरी परीक्षा त्याच्यातच होते. दांडा करवतीने कापण्यापेक्षा पाचर मारून फोडून काढावा, असे जुने सुतार मानतात आणि त्यामागे कारण आहे. करवत सरळ जाते, लाकडाच्या रेषा मात्र झाडाच्या पिळाप्रमाणे जातात. कापलेल्या दांड्यात या रेषा मध्येच बाजूला फुटून निघतात आणि नेमक्या तिथेच तो एखाद्या दिवशी तुटतो, तेही पाते हवेत असताना. फोडलेल्या तुकड्यात रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. बाभळीत अडीच-तीन फुटांचा सरळ, बिनगाठीचा तुकडा मिळणे दुर्मीळ; म्हणून तो मिळाला की बाजूला ठेवला जातो.

यानंतरचा टप्पा वाळवण्याचा, आणि घाई इथेच नडते. ओल्या लाकडाचा दांडा बसवला तर मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये तो आकसतो आणि पाते ढिले होते. लाकूड सर्व दिशांना सारखे आकसत नाही. परिघाच्या दिशेने ते गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट आकसते आणि लांबीत जवळजवळ नाहीच. गोल ओंडका टोकाकडून चिरफळतो तो यामुळे. त्यावर उपाय म्हणजे ओंडका लवकर उभा फोडणे, टोकांना शेणमातीचा लेप देणे आणि तो सावलीत, हवा खेळेल असा रचून ठेवणे. ढिले झालेले पाते पाण्यात बुडवून घट्ट करण्याची सवय सार्वत्रिक आहे, ती फसवी आहे. फुगलेले लाकूड लोखंडी नेढ्यात दाबले जाऊन आतून चिरडते आणि पुन्हा वाळल्यावर आधीपेक्षा अधिक ढिले होते. वाळलेला दांडा वाकसाने तासून, पाचरीने बसवून त्यावर जवसाचे तेल चढवावे, हे बरे. टिकावाला पाचरीची गरज नसते. त्याचा दांडा वरच्या टोकाला जाड असतो आणि नेढ्यात वरून घातला जातो. प्रत्येक घावाच्या हिसक्याने तो अधिकच आवळतो.

वाकड्या लाकडाला मोल नाही, असे मानण्याचे कारण नाही. लाकडी नांगरासाठी वाकडे लाकूडच हवे असे. सरळ फळीतून बाक कापून काढला तर बाकाच्या जागी रेषा तुटतात. जिथे खोडाला फांदी फुटते तिथे झाडानेच रेषा वळवलेल्या असतात. रानातून, बांधावरून जाताना कोणत्या बाभळीचा बाक नांगराला लागेल, हे सुतार झाड उभे असतानाच हेरून ठेवी. तिफणीत हीच पारख निराळ्या रीतीने लागते. आडव्या खोडात ठरावीक अंतरावर भोके पाडून फण ठोकले जातात. त्यांचा कल जरा चुकला की बी उथळ पडते किंवा खोल जाते. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईचे कौशल्य शेवटी सुताराच्या किकऱ्यावर अवलंबून असे. बलुतेदारीच्या काळात मृगाआधी सुताराच्या दारात औतांची रांग लागे आणि मोबदला खळ्यावर धान्याने चुकता होई. पुढे लोखंडी अवजारे आली, मग ट्रॅक्टर. परभणीच्या कृषी विद्यापीठात बैलचलित अवजारांवर झालेले कामही बरेचसे लोखंडी सांगाड्यांचेच आहे, आणि त्यात वावगे काही नाही. लोखंडी तिफण टिकते, सुटे भाग बदलता येतात. हरवली ती लाकूड ओळखण्याची नजर.

या जिल्ह्यात त्या नजरेला मोठा प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे हळदीची कढई. काढणीनंतर, उन्हाळ्याच्या तोंडावर, हळकुंडे शिजवावी लागतात. कढईच्या जागी वाफेचे संच आले, तरी त्यांनाही अनेकदा सरपणच लागते. बाभूळ मंद आणि दमदार जळते. साहजिकच दांड्याच्या लायकीचा तुकडा आणि गाठाळ ढलपी दोन्ही एकाच वजनकाट्यावर जातात. सरपणाच्या व्यवहारात रेषा सरळ आहे का, हे कोणी पाहत नाही. काटा फक्त वजन दाखवतो.

पडलेले लाकूड कोणाचे, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. 'वाळले होते, पडले होते' ही सबब वनहद्दीत चालत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील इमारती लाकडाच्या व्याख्येत आपोआप पडलेली झाडेही येतात, मग ती घडवलेली असोत वा नसोत. राखीव वनातून वनोपज हलवण्यास त्याच कायद्याच्या कलम २६ ने मनाई आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपाने यांच्याबरोबर झुडपी लाकूड आणि झाडांचे खुंट यांचाही समावेश आहे. इमारती लाकूड मात्र वगळलेले आहे. हिंगोलीतील आंध आदिवासींसारख्या हक्कधारकांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की खुंट घेता येईल, खोड नाही. कारागिराला हे विचित्र वाटले तरी खुंट काही टाकाऊ नव्हे. मुळांजवळचे लाकूड सर्वांत पिळदार असते. मोगरी, उखळ, ठोकळा त्यातूनच उत्तम होतो. खासगी शेतातील झाडांना १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, तिवस, चिंच, मोह, अंजन अशी झाडे आहेत. बाभूळ त्यात नाही. तरीही वाहतुकीपूर्वी वन खात्याकडे चौकशी करणे शहाणपणाचे.

शिवाय प्रत्येक पडलेले खोड उचलावे असेही नाही. पोकळ ढोलीत पिंगळा राहतो, सालीखाली घोरपडीचे खाद्य असते, आणि वाळवी ज्याची माती करते ते पुन्हा रानाच्याच कामी येते. आवाज बद्द आला, ते खोड तिथेच राहू द्यावे.

ज्याला हात चालवून पाहायचे आहे त्याच्यासाठी वेडी बाभूळ आहे. मूळची अमेरिका खंडातील ही झुडपे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणली गेली आणि पडीक जमिनी, नदीकाठ, तलावांच्या कडा बळकावून बसली. गावोगाव ती उपटली जातात आणि बहुतेक जळणात किंवा कोळशाच्या भट्टीत जातात. तिचे लाकूड जड असते, वाळताना फारच कमी आकसते, आणि त्याचा गाभा पॉलिशखाली उजळतो. दोष एकच, सरळ लांब तुकडा मिळत नाही. पण खुरप्याची, विळ्याची किंवा पटाशीची मूठ करायला वीतभर लांबी पुरते. त्यासाठी मनगटापेक्षा जाड फांदी घ्यावी, मधला गर सोडून एका बाजूचा गाभा निवडावा, आणि पात्याचे शेपूट बसवण्याचे भोक लाकूड पूर्ण वाळल्यावरच पाडावे.