कानात सतत शिट्टी वाजतेय? टिनिटस म्हणजे काय आणि त्यावर काय करायचं

मध्यरात्री काम संपवून मी लॅपटॉप बंद केला, पंखाही बंद केला, तरी बारीक ‘ईऽऽ’ असा आवाज येतच होता. चार्जरचा असेल म्हणून प्लग काढला, तरी आवाज तसाच. शेवटी कळलं की आवाज खोलीत नाही, माझ्याच कानात आहे. दिवसभर हेडफोन लावून मीटिंग आणि रात्री मोठ्या आवाजात गाणी, ही माझी कित्येक वर्षांची सवय होती.

बाहेर आवाज नसताना तो ऐकू येणं म्हणजे टिनिटस. मराठीत आपण ‘कान वाजणे’ म्हणतो. हा आजार नाही, लक्षण आहे.

आवाज येतो कुठून?

आतल्या कानात शंखासारखा भाग असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यातल्या सूक्ष्म केसपेशी ध्वनीचं रूपांतर विद्युत संदेशात करतात. मोठ्या आवाजाने या पेशी मेल्या की माणसात त्या परत तयार होत नाहीत.

आता माइकचं उदाहरण घ्या. सिग्नल कमी आला की आपण गेन वाढवतो आणि मग नुसती खरखर ऐकू येते. मेंदूही साधारण तेच करतो, असं मानलं जातं. कानाकडून येणारी माहिती कमी झाली की तो स्वतःचा गेन वाढवतो, आणि आतली खरखर आपल्याला शिट्टीसारखी ऐकू येते.

कानात साचलेला मळ, काही औषधं, वाढतं वय हीसुद्धा कारणं असू शकतात. म्हणून आधी तपासणी. माझ्या ऑडिओमेट्रीच्या आलेखात ४००० हर्ट्‌झपाशी खड्डा दिसला. मोठ्या आवाजाने झालेल्या नुकसानीची ही नेहमीची खूण.

किती आवाज चालतो?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक आहे. पण डेसिबलचं गणित सरळ नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याला फक्त ४ तास उरतात!

फोनमध्ये हे बदल करा

- आयफोन: सेटिंग्ज > साउंड्स अँड हॅप्टिक्स > हेडफोन सेफ्टी इथे ‘रिड्यूस लाउड ऑडिओ’ चालू करून मर्यादा ८० डेसिबलवर आणा.
- सॅमसंग: व्हॉल्यूम सेटिंगमध्ये ‘मीडिया व्हॉल्यूम लिमिट’ आहे.
- लोकल किंवा बसमध्ये नॉइज कॅन्सलेशन वापरा, म्हणजे गोंगाटावर मात करायला आवाज वाढवावा लागत नाही. घरी शांततेत मात ते बंद ठेवा, कारण शांतता वाढली की शिट्टी जास्त जाणवते.

शिट्टीसोबत जगायचं कसं?

जुना टिनिटस हमखास बंद करणारी गोळी आज तरी नाही. ‘अमुक फ्रिक्वेन्सी ऐका, ७ दिवसांत बरे व्हा’ म्हणणाऱ्या व्हिडिओंवर पैसे आणि वेळ घालवू नका.

रात्री पावसाचा किंवा पंख्याचा हलका आवाज चालू ठेवा. शिट्टी पूर्ण बुडवायची नाही, फक्त तिच्या थोडा खाली ठेवायचा. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘बॅकग्राउंड साउंड्स’ आहेत, वेगळं ॲप लागत नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बऱ्याच जणांना फरक पडतो. त्रास, चिडचिड, झोप यांसाठी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत उपयोगी ठरते. ती आवाज बंद करत नाही, पण त्याची भीती कमी करते.

माझ्या बाबतीत सगळ्यात वाईट सवय एकच होती: दर पाच मिनिटांनी ‘अजून वाजतंय का?’ हे तपासणं. जितकं तपासाल तितकं मेंदूला ते महत्त्वाचं वाटतं.

डॉक्टरकडे लगेच कधी जायचं?

- अचानक एका कानाने ऐकू येणं कमी झालं, तर त्याच दिवशी. इथे उशीर महागात पडतो.
- आवाज नाडीच्या ठोक्यासोबत येत असेल.
- आवाज एकाच कानात असेल, किंवा सोबत चक्कर येत असेल.

माझी शिट्टी अजून आहे. हा लेख लिहिताना ती ऐकू येतेय, पण काल दिवसभर तिची आठवणही झाली नव्हती. गेलेल्या पेशी परत येणार नाहीत. उरलेल्या मात्र आज आवाज दोन टप्पे कमी करून वाचवता येतात.