बारवेत पाय घालण्याआधी

डोक्याला टॉवेल गुंडाळा. चाळीसेक वर्षं मागं आलो आहोत, मराठवाड्यातल्या एका गावात, आणि वैशाखाचं ऊन कलायला अजून तासभर आहे. समोर बारव. पाणी पार तळाला गेलंय. वरच्या पायऱ्या तव्यासारख्या तापल्यात. खाली उतरत जाल तसा दगड गार होतो, शेवाळाचा आणि ओल्या पितळेचा वास येतो. बायका घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी बुडवतायत आणि तो घोगरा बुडबुडाट भिंतींत घुमतोय.

तुम्हालाही पाण्यात उतरायचंय, कारण घोट्यावर फोड आलाय. काल नुसती खाज होती. आज निखारा ठेवल्यागत आग. घाला पाय पाण्यात. निवलं ना?

फोड फुटतो आणि शिजलेल्या शेवईसारखं पांढरं टोक बाहेर डोकावतं. नारूचा जंत! शेजारच्या आजीला त्याचं काही नवल नाही. तुम्हाला ओट्यावर बसवून ती टोक काडीला गुंडाळते, वर चिंधी बांधते. रोज थोडा थोडा ओढायचा. "दमानं. तुटला तर पाय सुजंल, पू धरंल." सगळा निघेपर्यंत आठवडे जातात; लांबी कधी कधी मीटरभर भरते. नारूनं सहसा जीव जात नाही, म्हणून गावाबाहेर त्याची फारशी वाच्यता नाही. पण पेरणी तोंडावर आलेली आणि घरातला कर्ता माणूस पाय पसरून बसलेला, हे दुःख काय असतं ते त्या घरालाच ठाऊक.

रात्री पारावर चला. दवंडी होऊन गेलीय. गॅसबत्ती सूं सूं करतेय, भोवती किड्यांची झुंबड, विडीचा धूर, रॉकेलचा वास. पोरं पुढं मातीत बसलीत, बायका मागं भिंतीच्या आडोशाला. आरोग्यसेवक सायकलवरून आलाय. सगळे त्याला डॉक्टरच म्हणतात.

"नारू कशानं होतो?"

"देवाच्या कोपानं." "उष्णतेनं." "आमच्या रक्तातच हाय."

तो वाद घालत नाही. बारवेचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन बत्तीसमोर धरतो. ग्लास हातोहात फिरत तुमच्यापर्यंत येतो. नीट बघा. पाण्यात पांढरे ठिपके आहेत, आणि ते टुणटुण उड्या मारतायत. भिंगातून बघितलं तर अंगावर काटाच येतो.

मग तो सांगतो. नारूचा पाय पाण्यात पडला की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. हे ठिपके त्या पिल्लांना खातात, ठिपके आपण पितो, आणि वर्षभरानं पाय जळायला लागतो.

"वर्सानं?" मागून एक म्हातारा विचारतो.

अडतं ते इथंच. कालचं खाणं आज बाधलं तर माणूस लगेच ओळखतो. गेल्या उन्हाळ्यातला घोट कुणाच्या ध्यानात राहणार? म्हणून मला त्या ग्लासाचं मोल तासभराच्या भाषणाहून मोठं वाटतं.

आता तो धोतराच्या दुहेरी घडीतून तेच पाणी गाळतो, पुन्हा बत्तीसमोर धरतो. एक ठिपका नाही. बायका आडोसा सोडून पुढं सरकतात. नारूवर लस नाही, त्याला मारणारं औषधही नाही. तरी गाळलेलं पाणी, औषध टाकलेल्या बारवा, हातपंप आणि पारावरच्या अशा असंख्य रात्री यांच्या बळावर १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण आढळला नाही. २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

पण आज रात्री ते कुणालाच माहीत नाही. तुम्हाला फक्त दुपार आठवतेय. चिंधी बांधलेला पाय तुम्ही हळूच मांडीखाली घेता.

सकाळी आग पुन्हा उसळते. लंगडत बारवेपाशी येता, तर वरच्या पायरीवर घागरीच्या तोंडाला फडकं बांधत एक पोरगी बसलीय.

"पाव्हणं, वरच थांबा."

ती घागर भरून आणते, तुम्हाला बारवेपासून लांब बाभळीखाली नेते आणि तांब्यानं तुमच्या पायावर पाणी ओतते. गार धार. माती ते पिऊन टाकते.