शाळेतील गायनशिक्षक कसा घडला

महोत्सव म्हटला की गायन आलेच. मंदिर कोणी बांधिले, घंटा कोणी दिली, शाळेची पहिली खोली केव्हा उभी राहिली, ह्या सर्वांची नोंद अशा पुस्तिकेत होते, आणि ती व्हावयासच पाहिजे. परंतु ज्याने मुलांच्या गळ्यात सूर घातला त्याचे नाव बहुधा राहून जाते. तो मनुष्य कोठून आला व त्यास हे काम कोणी शिकविले, असे तर कोणी विचारीतही नाही. गाता येणे निराळे आणि चाळीस मुलांच्या वर्गास गावयास शिकविता येणे निराळे. ही दुसरी विद्या आपल्या देशात केव्हा व कशी उभी राहिली, तिचा थोडा वृत्तांत वाचकांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

पूर्वी गायनाची विद्या गुरुगृही मिळे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) ह्यांच्या मिरजेच्या घरी शिष्य राहत, सेवा करीत, आणि गुरुजींच्या मर्जीप्रमाणे तालीम घेत. ह्या पद्धतीने मोठे गवई निर्माण झाले ह्यात संशय नाही. मात्र तीत क्रमिक पुस्तक नव्हते, ठरलेली वेळ नव्हती, आणि एका वेळी पुष्कळांस शिकविण्याची सोयही नव्हती. बडोद्यास मौलाबक्ष ह्यांनी १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा काढून ह्या अडचणीवर पहिला उपाय केला. तथापि शिक्षकच घडवावयाचे असा स्वतंत्र संकल्प करून त्यासाठी आयुष्य वेचणारे पुरुष म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. बालपणी दारूच्या अपघाताने (शोभेच्या दारूच्या, हे सांगितले पाहिजे!) त्यांची दृष्टी अधू झाली आणि पुस्तकी शिक्षणाचा मार्ग खुंटला. मिरजेस बाळकृष्णबुवांजवळ त्यांनी विद्या संपादिली व १८९६ साली ते बाहेर पडले. दिनांक ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. लोकाश्रयावर व विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारी, कोणा संस्थानिकाच्या मालकीची नसलेली ही गायनाची शाळा त्या काळी मोठे धाडस होते. गवयाचा धंदा तेव्हा प्रतिष्ठितांच्या घरी हलका समजत. आपला मुलगा, आणि त्याहूनही आपली मुलगी, तेथे पाठविण्यास लोक कचरत.

ह्या विद्यालयाचे सर्वांत महत्त्वाचे अंग म्हणजे उपदेशक वर्ग. 'उपदेशक' हा शब्द मिशनच्या लोकांस चांगला परिचयाचा आहे, आणि पंडितजींनी तो योजिला त्यातही तोच भाव होता: गावोगाव जाऊन विद्या पोहोचविणारा. ह्या वर्गातील मुलांकडून नऊ वर्षे राहून शिकण्याचा करार घेत. जेवण, राहणे व विद्या ह्यांचा भार विद्यालयाने उचलावा, आणि मुलाने त्या अवधीत गायनाबरोबरच स्वरलिपी लिहिणे, वाद्ये जुळविणे व दुरुस्त करणे हेही शिकावे, अशी व्यवस्था होती. वरच्या इयत्तेतील मुले खालच्या वर्गांस शिकवीत. माझ्या मते सर्व योजनेचे मर्म ह्या शेवटच्या गोष्टीत आहे. स्वतः गाताना लपून जाणारी चूक दुसऱ्यास शिकविताना लगेच उघडी पडते, आणि पंडितजींनी हा अनुभव मुलांस शिक्षणकाळातच दिला. लहान मुलांसाठी त्यांनी 'संगीत बालप्रकाश' ह्यासारखी क्रमिक पुस्तके रचिली व ती छापण्यासाठी छापखानाही चालविला. आपल्याला तानसेन नव्हे, कानसेन घडवावयाचे आहेत, असे ते म्हणत अशी आख्यायिका आहे.

१९०८ साली हे कार्य मुंबईस आले. मोठी इमारत झाली, पण तिच्याबरोबर कर्जही झाले. १९२४ च्या सुमारास ती वास्तू लिलावात गेली. पंडितजी नाशिकास राहू लागले आणि १९३१ साली मिरजेस निवर्तले. इमारत गेली तरी माणसे राहिली. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढिले; नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले; ओंकारनाथ ठाकूर १९५० साली काशी हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. शिष्यांनी १९३१ सालीच स्थापिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज गावोगाव होतात.

आता आपल्या धर्मबंधूंकडे वळू. गोव्यात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांतून शतकानुशतके मुलांस 'सोल्फा', म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, आणि व्हायोलिन शिकवीत. शिकविणारा 'मेस्त' हाच चर्चमधील गायकवृंदाचा प्रमुख असे. त्याच्या हाताखालची हुशार मुले पुढे वादक होत, आणि त्यांतलाच एखादा दुसऱ्या गावी मेस्त होई. येथेही शिकता शिकता शिकविणे होतेच. माजोर्डे येथील अशाच एका मेस्ताचे पुत्र अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. प्यारेलाल शर्मा व राहुलदेव बर्मन हे त्यांच्याजवळ शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' ह्या चित्रपटातील नायकाचे नाव शिष्याच्या गुरुभक्तीतून आले, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

माध्यमिक शाळेत मात्र दोन्ही परंपरांना पुरा न पडणारा एक प्रश्न उभा राहतो. बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान मुलांचा आवाज फुटतो. पुरुष शिक्षक बहुधा काळी एक किंवा दोनच्या पट्टीत गातो. मुलींचा व न फुटलेल्या मुलांचा गळा त्याहून तीन-चार स्वर वर मोकळा होतो. शिक्षकाने पेटीवर आपलीच पट्टी धरिली की अर्धा वर्ग खालच्या सुरात पुटपुटतो. पट्टी चढविली की आवाज फुटलेली मुले ओरडू लागतात किंवा लाजून गप्प बसतात. आणि ह्या वयात गप्प बसलेला मुलगा पुष्कळदा जन्मभर गप्प राहतो. वर्गाचे गट पाडणे, गीत वाटून देणे, फुटत्या आवाजास विश्रांती देणे, हे ज्ञान रागांच्या अभ्यासाने आपोआप येत नाही. विष्णु दिगंबरांचे शिष्य प्रोफेसर बा. र. देवधर (१९०१–१९९०) ह्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला, १९२५ साली मुंबईत आपले विद्यालय काढिले आणि आवाजाच्या जोपासनेचा विषय नेटाने मांडिला. त्यांच्या मार्गाने जाणारे अधिक निघावयास हवे होते.

आमच्या मराठवाड्यात ह्या सर्वांचे लोण उशिरा पोहोचले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता. शहरात सरस्वती भुवनसारखी संस्था १९१५ पासून झटत होती. पुढे नांदेडच्या अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य पंडित नाथराव नेरळकर (निधन २०२१) ह्यांनी ह्याच संस्थेच्या महाविद्यालयात संगीत शिकविले. मुकुंदवाडी तेव्हा रेल्वेमार्गालगतचे एक खेडे. शेजारी सिडकोची वसाहत उठली आणि खेडे शहरात मिसळले. येथील मुलांस शहरातील विद्या आता हाकेच्या अंतरावर आहे.

पण तिची वाट लांब आहे. प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन व विशारदाच्या दोन, अशा सात परीक्षा देता देता सहावीतील मूल अठरा वर्षांचे होते. लाहोरच्या मुलास जेवण व निवारा मिळे. येथे फी, तंबोरा व जाण्यायेण्याचा खर्च कुटुंबावर पडतो. शेवटी जागा कोणती? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराहून अधिक असलेल्या शाळेस कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. त्यात चित्रकला आणि गायन ह्यांनी एकाच जागेसाठी दाटी करावयाची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीच्या विधानात सांगितले की, कॅथोलिक शाळांतही संगीताच्या शिक्षणास महत्त्व द्यावे, त्यासाठी शिक्षक काळजीपूर्वक तयार करावेत, आणि मिशनच्या प्रदेशांत त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा.

तूर्त मुकुंदवाडीच्या एखाद्या मुलीने मध्यमा पुरी केली, तर तिला शिकविण्यासाठी पहिला वर्ग मिळावयाचा तो बहुधा रविवारच्या गायकवृंदातच. दहाबारा मुले, एक पेटी, आणि त्यांतल्या दोघांचे आवाज नुकतेच फुटू लागलेले.