मानेतल्या शिरा आणि आठ वर्षांचा गोंधळ

आजचा एपिसोड आहे मानेतल्या शिरांचा, आणि त्यांच्यावरून २००९ ते २०१७ मध्ये जगभर जे काही झालं त्याचा.

मेंदूतलं रक्त मानेतल्या दोन मोठ्या शिरांतून हृदयाकडे उतरतं. डाव्या बाजूची वाट जरा अडचणीची. पुढे छातीचं हाड, मागे महाधमनी, आणि मधून ती शीर आडवी जाते. तिथं ती दाबली गेली की रक्त मानेत उलटं वर चढू शकतं. एमआरआयवर हे कधीकधी थेट गुठळीसारखं दिसतं. पोटात गोळाच येणार!

पण आमच्या आष्ट्यात उसाला पाणी पाजणाऱ्या कुणालाही विचारा. एक सरी तुंबली की पाणी शेजारच्या सरीत घुसतं. रक्ताचंही तसंच. आत्ता तुम्ही उभे असाल, तर तुमच्या मानेतल्या या शिरा जवळजवळ मिटलेल्या आहेत आणि रक्त मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून उतरतंय. म्हणजे वाट बदलली की लगेच आजार, असं नसतं.

इटलीतल्या फेराराचे डॉक्टर पाओलो झांबोनी यांच्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते. २००९ मध्ये त्यांनी ६५ रुग्ण तपासून मांडलं की या आजाराचं मूळ मानेतल्या अरुंद शिरांत आहे. उपाय काय, तर फुगा घालून शीर रुंद करायची. त्याच नोव्हेंबरात कॅनडाच्या टीव्हीवर हे आलं, मग फेसबुकनं उचललं. आणि हजारो रुग्ण पदरमोड करून पोलंड, मेक्सिको, कोस्टा रिका आणि आपल्या भारतातही ऑपरेशनला निघाले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं इशारा दिला, कारण मृत्यू आणि पक्षाघात नोंदले गेले होते.

खरी मजा पुढच्या वर्षी. कॅनडातल्या संशोधकांनी रुग्ण, त्यांची भावंडं आणि निरोगी परके लोक, सगळ्यांच्याच शिरा तपासल्या. निम्म्याहून जास्त अरुंद शीर रुग्णांत ७४ टक्के, भावंडांत ६६ टक्के, परक्यांत ७० टक्के! ही तुलना माझ्या मते पहिल्याच दिवशी हवी होती.

मग झांबोनींनी स्वतः चाचणी घेतली. काहींच्या शिरेत फुगा फुगवला, काहींवर नुसतं ऑपरेशनचं नाटक. कुणावर काय केलंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. दोन्ही गटांत फरक पडला नाही. उपचार निरुपयोगी आहे, हा निकाल २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावानं छापला.