विजयदुर्गाचे ओटे आणि सूर्याची पिवळी रेषा

विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' म्हणून चौथरे दाखवितात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकयर या इंग्रज ज्योतिर्विदाने त्यांवर दुर्बीण मांडून हेलियम शोधला, अशी कथा आहे. उधन्यातील आमच्या शाळेत आम्हीही ती वर्षानुवर्षे सांगत आलो. सनावळी ताडून पाहिली तेव्हा ती टिकेना.

त्या साली लॉकयर इंग्लंडातच होता. गुंटूरास फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन होता, आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल. ढगांच्या फटींतून हर्शेलला सूर्याच्या कडेवरील तांबड्या शिखरांचा वर्णपट क्षणभर दिसला : तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन तेजस्वी रेषा. अखंड पट्टा न उमटता सुट्या रेषा उमटल्या. त्याअर्थी ती शिखरे तप्त वायूची, हे ठरले. नारिंगी रेषा मात्र त्याने सोडियमची मानली. त्यात त्याचा फारसा दोष नाही. सोडियमच्या जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर पडतात, आणि ही ५८७.६ वर. लॉकयरने २० ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रहणावाचूनच शिखरांच्या रेषा पाहिल्या. पिवळी रेषा सोडियमची नव्हे, हे पुढे सिद्ध झाले व त्या अज्ञात द्रव्यास हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते रॅम्झेस १८९५ साली सापडले.

मग ओटे कशाचे? लॉकयर विजयदुर्गास खरोखरच आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणास. ओटे त्या मोहिमेचे मानणेच सयुक्तिक होय. त्याच ग्रहणात पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला जेऊर येथे वर्णपटाची छायाचित्रे घेत होते. त्यांची पुण्यातील वेधशाळा भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिली होती. आम्हां गुजरातवासी मराठी माणसांस याचे थोडे अगत्य वाटते.

रेषा केवळ द्रव्याचे नाव सांगत नाहीत, त्याची अवस्थाही सांगतात. सौरज्वालेत, म्हणजे सूर्यावरील आकस्मिक स्फोटात, वीस इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची रेषा उजळली की तेथील तापमान सुमारे एक कोटी अंश आहे, हे कळते. मॅग्नेशियमची २७९.६ नॅनोमीटरची रेषा त्याहून पुष्कळ थंड अशा वर्णावरणाची वार्ता देते. ती पृथ्वीच्या वातावरणामुळे भूमीवरून दिसत नाही. पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या पुढाकाराने घडविलेल्या 'सूट' दुर्बिणीने, आदित्य-एल१ यानावरून, २२ फेब्रुवारी २०२४ ची एक प्रचंड सौरज्वाला याच जंबुपार प्रकाशात टिपली.